मुलांचा पीटीएसडी : निदानाच्या चौकटीची पार्श्वभूमी

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, हे निदान 1980 साली अमेरिकेच्या ‘डीएसएम’ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत आलं, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. मुलांबद्दल काही ओळी आल्या त्या 1987 च्या सुधारित आवृत्तीत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बवर्षावात सापडलेल्या मुलांची निरीक्षणं तोवर चाळीसहून अधिक वर्षं छापील रूपात पडून होती.

त्या ओळींमागे कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावचं प्रकरण होतं. 15 जुलै 1976 रोजी तिथे 26 मुलांसह शाळेची बस पळवली गेली. मुलांना आणि ड्रायव्हरला खाणीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडलं. सुमारे 16 तासांनी ते स्वतःच छत फोडून बाहेर आले. कुणालाही मोठी इजा नव्हती, त्यामुळे ‘पोरं आहेत, विसरतील’ असंच सगळे म्हणाले. चार-पाच वर्षांनी तपासलं तेव्हा एकही मूल त्यातून पूर्ण सुटलेलं नव्हतं. काही जणांचे खेळ तेच तेच आणि आनंद नसलेले होते. आपण फार जगणार नाही, असं काहींनी ठरवूनच टाकलं होतं.

तरी 1994 च्या आवृत्तीत आघाताची आठवण टाळण्याची आणि भावना बधिर होण्याची सातपैकी तीन लक्षणं दिसणं सक्तीचं होतं. ‘मला कशातच काही वाटत नाही’ हे चार वर्षांचं पोर कसं सांगणार? 2013 साली सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी वेगळे निकष आले. त्यात या गटातलं एकच लक्षण पुरेसं ठरलं, आणि आठवण खेळातून उमटू शकते, तेव्हा मूल दुःखी दिसेलच असं नाही, हेही मान्य झालं.

खरा वाद मात्र वेगळाच होता. चौचिलाचं अपहरण किंवा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या चौकटीत बसतो, कारण घटनेला तारीख-वेळ आहे. बाप रोज आईला मारतो, मूल या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरतं, त्या आघाताची तारीख कोणती लिहायची? अशा मुलाला पीटीएसडीचे निकष बहुधा पुरते लागूच पडत नाहीत. मग त्याच्या केसपेपरवर अतिचंचलता, उद्दामपणा, वर्तनविकार, बायपोलर अशी एकामागून एक नावं चढतात, आणि बऱ्याचदा त्यांच्याबरोबर औषधंही.

म्हणून अत्याचारग्रस्त मुलांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांनी 2009 मध्ये ‘विकासात्मक आघात विकार’ असं स्वतंत्र निदान सुचवलं. पुस्तिकेच्या समितीने ते नाकारलं. पुरावा अपुरा आहे आणि आधीची निदानं पुरेशी आहेत, असा त्यांचा सूर होता. यातला पहिला आक्षेप अगदीच पोकळ नव्हता : लहानपणचा छळ आणि पुढचा बिघाड यांचं नातं दाखवणं सोपं, एकामुळे दुसरं झालं हे सिद्ध करणं अवघड. पण पुस्तिकेत नाव नाही म्हणून संशोधनाला पैसा मिळत नाही, आणि संशोधन नाही म्हणून नाव मिळत नाही, ही कोंडी कुणी फोडायची? पुढे या निदानाच्या क्षेत्रचाचण्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांमधली पडताळणी, झाल्या. तरी 2022 च्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या शोकाचं नवं निदान आलं, त्यात मुलांसाठी सहा महिन्यांची वेगळी मुदतही आली; विकासात्मक आघात बाहेरच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या वर्गीकरणाने दुसरी वाट धरली. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ‘जटिल पीटीएसडी’ आहे, तो सर्व वयांसाठी. भावनांवर ताबा नसणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नाती न टिकणं यांची त्यात पीटीएसडीच्या लक्षणांना जोड आहे. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निदानासाठी याच वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा नावानिशी उल्लेख केला आहे. म्हणजे रोजच्या मारहाणीत वाढणाऱ्या इथल्या मुलासाठी कायद्याने मानलेलं निदान आता उपलब्ध आहे. फक्त आघात आत्ताच पुन्हा घडतोय असा अनुभव, त्याची आठवण टाळणं आणि सततची धास्ती हे पीटीएसडीचे तिन्ही निकष त्याने आधी पुरे करायला हवेत, आणि अडचण सुरू झाली होती ती तिथेच.