खिडकी बंद, तरी ब्रेकर घरात

अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीवर चिकटवा आणि बाहेरच्या बांधकामाचा आवाज विसरा, असा एक व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत दर दोन गल्ल्यांआड एखादी इमारत पुनर्विकासाला गेलेली. सकाळी नऊला खडक फोडणारा ब्रेकर सुरू, साडेनऊला ऑफिसची ऑनलाइन मीटिंग, आणि शनिवारपर्यंत रोज ‘जरा म्यूट कर ना’ ऐकून घ्यायचं. वैतागलेला माणूस ट्रेसुद्धा चिकटवून बघेल. पण त्या हलक्या पुठ्ठ्याने फार तर खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडा कमी होतो. बाहेरचा अडवायला वजन लागतं, आणि त्याआधी फटी बुजवाव्या लागतात.

फटींचं गणित मला फार आवडतं, कारण ते शाळेतल्या क्षेत्रफळावर सुटतं. नेहमीची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी घ्या, 120 सेंमी बाय 120 सेंमी. क्षेत्रफळ 14,400 चौसेंमी, चौकटीचा घेर 480 सेंमी. रबर उन्हाने कडक होऊन तुटलंय, ट्रॅकमधला ब्रश झिजलाय, आणि चौफेर सरासरी तीन मिलिमीटरची फट राहिलीय असं धरू. 480 गुणिले 0.3 म्हणजे 144 चौसेंमी, खिडकीच्या बरोब्बर एक टक्का. आता समजा काच अशी जबरदस्त आहे की तिच्यातून आवाज जातच नाही. तरी खिडकीवर येणाऱ्या ध्वनिऊर्जेचा साधारण शंभरावा भाग फटीतून आत येणारच. ऊर्जा दहापट घटली की 10 डेसिबल कमी होतात, शंभरपट घटली की 20. म्हणजे बाहेर 80 असतील तर आत 60च्या आसपास, मग काच पाच मिलिमीटरची असो की पन्नास. फट 0.1 टक्क्यावर आणली तर हीच मर्यादा 30 डेसिबलवर जाते. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या फटीशी हात धरून बघा, आणि खालच्या ट्रॅकला पावसाचं पाणी जायला पाडलेली भोकंही बघा. वारा लागतो तिथून आवाजही येतो. काचवाल्याला बोलावण्याआधी रबर बदला, हजारोंचा खर्च कदाचित वाचेल.

फटी बुजल्या की काचेची पाळी. जड झोपाळ्याला भराभर उलटसुलट धक्के दिले तर तो जेमतेम थरथरतो. तेवढ्याच जोराने सावकाश ढकलला की चांगला झुलतो. काचेचंही तसंच. वजन दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल जास्त अडतात, आणि आवाजाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं (ती हर्ट्झमध्ये मोजतात), निम्मी झाली की साधारण तेवढेच कमी अडतात. ग्राइंडरचा कर्कश सूर 1,600 हर्ट्झचा धरा आणि मिक्सर ट्रकची घरघर 100ची. 1,600 चार वेळा निम्मे केले की 100 येतात, म्हणजे 24 डेसिबलचा फरक! म्हणून खिडकी लावल्यावर ग्राइंडर दबतो आणि घरघर तशीच राहते.

यावर ‘डबल ग्लेझिंग’, म्हणजे एकाच चौकटीत दोन काचा, हा रामबाण म्हणून विकला जातो. तो उष्णतेसाठी उत्तम. आवाजासाठी मात्र दोन काचा म्हणजे दोन वजनं आणि मधली कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. अशा जोडीला स्वतःची एक वारंवारता असते. 5 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटर हवा असेल, तर ती 200 हर्ट्झच्या थोडी वर पडते. त्या सुराला दोन्ही काचा एकमेकींविरुद्ध डोलायला लागतात आणि आवाज अडायचा सोडून सहज पार होतो. ही वारंवारता मधल्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर 100 मिलिमीटर केलं की ती 75 हर्ट्झच्या आसपास उतरते. तेव्हा जुनी खिडकी ठेवून आतल्या बाजूला वीतभर अंतरावर दुसरी, घट्ट मिटणारी खिडकी बसवणं जास्त शहाणपणाचं.

आवाज मोजणाऱ्या मीटरचीही एक गंमत आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती ‘ए’ भारांकनाने मोजतात. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून या मोजणीत 63 हर्ट्झच्या आवाजाचे सुमारे 26 डेसिबल वजा होतात. तावदानं खडखडताहेत आणि मीटरचा आकडा सभ्य, असं त्यामुळे होऊ शकतं.

राहिला पोकलेनला लावलेला ब्रेकर. मुंबईत बऱ्याच ठिकाणी खाली बेसाल्ट आहे, साईटवरचा ‘काळा पत्थर’. त्यावर छिन्नी आदळली की कंपनं जमिनीतून शेजारच्या इमारतीच्या पायात, कॉलममध्ये आणि तिथून स्लॅबमध्ये चढतात. त्यांना खिडकी लागतच नाही. भिंतच स्पीकर होते. इथे घरात करण्यासारखं फारसं उरत नाही, उपाय खड्ड्यातच हवा. खडकात भोकं पाडून त्यांत फुगणारी चुन्याची पूड पाण्यात कालवून भरली, तर काही तासांत, कधी दिवसभराने, खडक जवळजवळ निमूटपणे तडकतो. ही पद्धत महाग आणि संथ आहे, शिवाय भोकं पाडायला ड्रिल लागतोच. पण तो ब्रेकरसारखा आठवडाभर चालत नाही.