परदेशी कारकीर्द, कॉलेज फॉरवर्डची (बास्केटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठ संघात फॉरवर्ड (रिंगजवळ व बाजूने खेळणारा आघाडीचा खेळाडू) म्हणून नाव मिळवलेल्या, पण एनबीएत (अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) जागा न मिळालेल्या किंवा ती लगेच न स्वीकारलेल्या खेळाडूने इतर देशांतील क्लबांकडून केलेला व्यावसायिक खेळ.

या प्रथेचा आरंभ कोणापासून धरायचा याबाबत एकमत नाही. बिल ब्रॅडलीचे नाव सर्वाधिक घेतले जाते. प्रिन्स्टनचा हा फॉरवर्ड १९६५ मध्ये न्यूयॉर्क निक्सने निवडलेला असूनही ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि १९६५–६६ च्या हंगामात मिलानकडून युरोपियन चषकाचे सामने खेळला. त्या वर्षी चषक मिलाननेच जिंकला. मात्र त्याआधी, १९६१–६२ मध्ये, कॅन्ससचा वेन हायटॉवर रेआल माद्रिदकडून खेळला होता, आणि १९६२ मध्ये फ्लॉरिडाचा क्लिफर्ड लुइक त्याच क्लबात दाखल झाला. १९५० च्या दशकातही युरोपीय क्लबांत तुरळक अमेरिकन दिसतात, परंतु खेळ हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय असावा असे वाटत नाही. ब्रॅडली आणि हायटॉवर युरोपात एकेकच हंगाम खेळले आणि पुढे एनबीएत गेले. लुइक १९७८ पर्यंत माद्रिदमध्येच राहिला, स्पेनचा नागरिक झाला आणि १९७३ च्या युरोपीय अजिंक्यपदात रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पॅनिश संघात खेळला. ‘कारकीर्द’ हा शब्द काटेकोरपणे घेतल्यास आरंभ लुइकपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

परदेशी जाणाऱ्या फॉरवर्डची मुख्य अडचण उंचीची. दोन मीटरच्या आतबाहेरचा खेळाडू कॉलेजात रिंगखाली सहज गुण मिळवतो. एनबीएच्या मोजमापात तो आत खेळायला बुटका आणि बाहेर खेळायला संथ ठरतो. युरोपात त्याला जागा मिळते, पण खेळ बराचसा नव्याने शिकावा लागतो. कॉलेजात वीस मिनिटांचे दोन डाव असतात, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत दहा मिनिटांचे चार. कॉलेजात ३५ सेकंदांत (२०१५ पासून ३०) फेक करायची असते, इथे २४ सेकंदांत. त्यामुळे बचावपटूला पाठ टेकवून सावकाश आत सरकण्याची सवय मोडावी लागते. सर्वांत महाग पडणारा फरक रिंगवरचा. कॉलेजच्या नियमाने चेंडू रिंगच्या वर तरंगत असताना त्याला हात लावता येत नाही; फिबात फेकलेला चेंडू एकदा रिंगला लागला की तो तिथूनच उडवता किंवा आत ढकलता येतो. नवखा अमेरिकन खेळाडू उडी घेतो, सवयीने हात क्षणभर आखडतो, आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी चेंडू टिपतो. दुसरी चूक ट्रॅव्हलिंगची, म्हणजे नियमबाह्य पाऊल टाकण्याची: उभ्या जागेवरून ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटण्याआधीच टेकीचा पाय उचलला जातो. कॉलेजात पंच हे पुष्कळदा सोडून देतात. युरोपात शिटी वाजते. अशा दोन-तीन शिट्या झाल्या की प्रशिक्षक खेळाडूला बाकावर बसवतो.

या बदलाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे काइल हाइन्स (जन्म १९८६). नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेकडून त्याने २,००० हून अधिक गुण, १,००० हून अधिक रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ३०० हून अधिक ब्लॉक (अडवलेल्या फेकी) नोंदवले. तरीही १.९८ मीटर उंचीमुळे एनबीएच्या २००८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्याचे नाव पुकारले गेले नाही. तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतील वेरोली क्लबात गेला, तिथे दोन हंगाम काढले, मग जर्मनीच्या बाम्बेर्गबरोबर २०११ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले. पुढे ऑलिंपियाकोसबरोबर २०१२ व २०१३ आणि मॉस्कोच्या सीएसकेएबरोबर २०१६ व २०१९ अशी युरोलीगची (युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची) चार विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. शेवटची चार वर्षे मिलानमध्ये काढून तो २०२४ मध्ये निवृत्त झाला. विशेष म्हणजे हे सारे त्याने सेंटरच्या, म्हणजे रिंगखालच्या सहसा सर्वांत उंच खेळाडूच्या, जागी खेळून केले. कंबर खाली, पाय रुंद, आणि फेक सुटण्याआधीच उंच प्रतिस्पर्ध्याच्या मांडीला मांडी भिडवून त्याला रिंगपासून दूर रेटणे ही त्याची पद्धत. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धी अंगाने बचावपटूची वाट अडवून (स्क्रीन) मग रिंगकडे धावतो त्या चालीत, तो सहकाऱ्याशी अदलाबदल करून गार्डसमोरही (चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूसमोरही) टिकत असे. उंच सेंटरला हे सहसा जमत नाही. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून तो तीनदा निवडला गेला. कॉलेजातील गुणांपेक्षा पायांची ही चपळाईच परदेशात अधिक काळ पोसते.

फिलिपिन्समध्ये परदेशी खेळाडूसाठी काही स्पर्धांत कमाल उंचीची मर्यादा असते; तिथे कमी उंची हीच पात्रता ठरते.

कराराची रक्कम युरोपात बहुधा कर वजा जाता हाती पडणारी लिहितात; घर, मोटार आणि विमानाची तिकिटे वेगळी. नोंदणीसाठी आधीच्या देशाच्या महासंघाचे ना-हरकत पत्र लागते, आणि जुना करार शिल्लक असला की ते अडते. वैद्यकीय तपासणी आगमनानंतर किती दिवसांत व्हावी हे करारात नसेल, तर खेळ न आवडल्यास क्लब जुन्या दुखापतीचे कारण पुढे करू शकतो. पगार थकणे हा नेहमीचा प्रकार. म्हणून किती दिवसांच्या थकबाकीनंतर खेळाडू करार सोडू शकतो हे आकड्यांत लिहावे आणि वाद २००७ मध्ये स्थापन झालेल्या फिबाच्या जिनिव्हा येथील लवादापुढे नेण्याचे कलम घालावे. ते नसल्यास स्थानिक न्यायालयाचे खेटे घालावे लागतात. लवादाचा निवाडा न पाळणाऱ्या क्लबावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते, आणि हंगामाच्या तोंडावर ती क्लबाला फार जाचते.