नॉरफोकचे खड्डे: देवाचे, निसर्गाचे की माणसाचे?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक काउंटीत नौकाविहारासाठी जाणाऱ्यांना तेथील ‘ब्रॉड्स’ ही उथळ तळी निसर्गाची देणगी वाटतात, आणि 1950 च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांचेही मत तेच होते.

या भूमीवरील मानवी वावर फार जुना आहे. हेझबरोच्या किनाऱ्यावर 2013 साली लाटांनी वाळू हटवल्यावर दिसलेल्या पाऊलखुणा आठ लाख वर्षांहून जुन्या ठरल्या, आणि काही आठवड्यांतच समुद्राने त्या पुसूनही टाकल्या. इ.स.पू. 2600 च्या सुमारास ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे लोकांनी हरणांच्या शिंगांनी खडूचा खडक फोडून, हत्यारांना लागणाऱ्या चकमकीच्या दगडासाठी चारशेहून अधिक खाणी खणल्या. पुढे आलेल्या सॅक्सन लोकांनी त्या ग्रिमच्या, म्हणजे वोडन देवाच्या, नावावर जमा केल्या. माणसाच्या घामाचे श्रेय देवाला देण्याची खोड सर्वत्र सारखीच.

ब्रॉड्सचे कोडे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉयस लॅम्बर्ट यांनी सोडवले. आधी त्यांनीही ही तळी नैसर्गिकच मानली होती. नंतर मात्र त्यांनी गिरमिटाने पूर्वीपेक्षा बरीच जवळजवळ छिद्रे पाडून गाळाचे नमुने काढले. नैसर्गिक तळ्याचा काठ हळूहळू उतरत जातो आणि गाळाचे थर कडेला निमुळते होतात. येथे मात्र पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या, थरात काठ भिंतीसारखे उभे निघाले, तळ जवळजवळ सपाट होता आणि मध्ये न खणलेल्या पीटचे अरुंद बांध शिल्लक होते. असे बांध पाणी कोरत नाही. ते खणणारा माणूसच सोडतो. खालच्या थरातील लाकूडमिश्रित पीट दाट असून अधिक चांगले जळत असल्याने, दाट वस्तीच्या आणि सरपणाची टंचाई असलेल्या मध्ययुगीन नॉरफोकमध्ये लोक तीन-चार मीटर खोल गेले. तेराव्या-चौदाव्या शतकांत जमिनीच्या तुलनेत समुद्रपातळी वाढली, 1287 सारखे महापूर आले आणि खाणी पाण्याने भरल्या.

तोच समुद्र आज हेझबरोची घरे गिळत आहे. जवळच्या बॅक्टन येथील गॅस प्रकल्प आणि गावे वाचवण्यासाठी 2019 साली किनाऱ्यावर सुमारे 18 लाख घनमीटर वाळू ओतण्यात आली; तीही लाटा हळूहळू वाहून नेतील, हे गृहीत धरूनच.