वस्तीत जाणारा पुरुष आणि वस्ती असलेलं शहर

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी देहविक्रय चालणाऱ्या गंगा-जमुना वस्तीच्या वाटा बॅरिकेड लावून अडवल्या. अशा वेळी दोन बाजू हमखास भांडतात. एक म्हणते, या वस्तीमुळेच गुन्हे होतात. दुसरी म्हणते, वस्ती उठली तर घरच्या लेकीबाळींवर हात पडेल. पण यात दोन निरनिराळे प्रश्न मिसळलेत.

पहिला प्रश्न माणसाचा. पोर्न पाहणारा किंवा पैसे देऊन शरीरसंबंध ठेवणारा पुरुष जबरदस्तीही करण्याची शक्यता जास्त असते का? संबंध आढळतो. २०१६ मध्ये सात देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पोर्न पाहणं आणि लैंगिक आक्रमकता सोबत दिसली. मात्र नील मॅलमथ या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनात हा संबंध मुख्यतः स्त्रीद्वेष आधीच मुरलेल्या पुरुषांत ठळक दिसतो. म्हणजे पोर्नमुळेच हिंसा झाली, असं नुसत्या सोबतीवरून म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न शहराचा: धंद्याला मोकळीक मिळाली तर एकूण अत्याचार वाढतात की घटतात? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००३ च्या न्यायालयीन निकालानंतर २००९ पर्यंत बंद दाराआडचा देहविक्रय गुन्हा नव्हता. त्या काळात नोंदवलेले बलात्कार सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचं स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शहा यांना आढळलं. वस्तीत जाणाऱ्यांत आक्रमक पुरुष जास्त असणं आणि शहरातले गुन्हे घटणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

या घटीवरून वस्तीला शहराची ढाल म्हणणं मला मुळीच मान्य नाही. आपल्या लेकी वाचाव्यात म्हणून दुसऱ्या कुणाच्या लेकीनं सोसायचं, असा तो हिशेब आहे. शिवाय तो धोका अनोळखी पुरुषाचाच धरतो, म्हणून चुकतोही: भारतात नोंदवलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो.

आणि वस्तीतल्या बाईवर झालेली बळजोरी हाही बलात्कारच. १९५६ च्या कायद्यानं कुंटणखाना चालवणं आणि उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे, त्यामुळे मार खाल्लेली बाई ठाण्याची पायरी चढायला कचरते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला तातडीच्या वैद्यकीय मदतीसह इतर कुठल्याही पीडितेला मिळतात त्या सगळ्या सोयी मिळाल्या पाहिजेत.