झोपेची गोळी आणि क्लोराइडचे दार

नांदेड जिल्ह्यातील बिलोली-धर्माबादच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद भागात २०१५ च्या सप्टेंबरमध्ये भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली, आणि शिंदी बंद होताच ती रोज पिणाऱ्यांना रुग्णालयात न्यावे लागले. कोणाचे हात थरथरत होते, कोणी असंबद्ध बरळत होते, काहींना आकडी येत होती. त्या भागात शिंदी कडक करण्यासाठी तिच्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे वारंवार आढळले आहे. म्हणजे ही माणसे नकळत झोपेचेच औषध पीत होती. अशी लक्षणे दिसली की भानामती म्हणून मांत्रिक शोधणारे मराठवाड्यात अजून आहेत, म्हणून आधीच सांगतो, की यामागे करणी नसून क्लोराइडचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, असतो.

मेंदूतील चेतापेशीच्या आवरणात पाच प्रथिनांनी मिळून बनलेले एक सूक्ष्म दार असते. गाबा नावाचा रेणू त्याच्या दोन खाचांत बसला की दार क्षणभर उघडते आणि बाहेरचे ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात. त्यामुळे पेशीच्या आतली बाजू अधिक ऋण होते, आणि शेजारच्या पेशींनी संदेश पाठवले तरी ती सहजासहजी उत्तेजित होत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी बेन्झोडायाझेपाइन गटातील औषधे, आणि रचनेने वेगळे असलेले झोल्पिडेमही, याच दाराच्या एका तिसऱ्या खाचेत बसतात. गंमत अशी, की ती स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आलाच तर दार अधिक वेळा उघडेल, एवढेच ती पाहतात. त्यांच्या आधी वापरात असलेली बार्बिच्युरेट औषधे दार अधिक काळ उघडे ठेवत आणि मात्रा वाढली की गाबा नसतानाही उघडत, म्हणून त्यांच्या अतिमात्रेने श्वास थांबून माणसे दगावत.

नव्या गोळ्यांचा हा संयम दारूबरोबर टिकत नाही, कारण दारूही याच दारावर काम करते. दोन्हींचा परिणाम एकत्र झाला, किंवा त्यात कोडीन, ट्रामाडॉल यांसारखे अफूवर्गीय औषध मिसळले, तर श्वसनकेंद्र मंदावते. झोपेत घोरताना ज्यांचा श्वास मध्येच अडकतो, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना गोळी लिहून घेण्यापूर्वीच सांगावी.

निजामाबादच्या रुग्णांचे कोडे मात्र पुढच्या टप्प्यात उलगडते. गोळी रोज पोटात गेली की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो गाबाला मिळणारा प्रतिसाद कमी करतो आणि उत्तेजना देणाऱ्या ग्लुटामेट या रेणूची बाजू बळकट करतो. म्हणूनच पूर्वी अर्ध्या गोळीने येणारी झोप पुढे एका गोळीनेही येत नाही. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली, तर ब्रेक ढिला आणि वेग वाढलेला, अशी मेंदूची गत होते.

औषध शरीरात किती वेळ टिकते, हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. झोल्पिडेमची रक्तातील पातळी साधारण अडीच तासांत निम्मी होते, अल्प्राझोलामची सुमारे अकरा तासांत, तर डायझेपामपासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक कित्येक दिवस रेंगाळतो. उतारवयात हा निचरा आणखी मंदावतो, आणि रात्री लघवीला उठलेली म्हातारी माणसे पडून खुब्याचे हाड मोडून घेतात. झोल्पिडेम घेऊन काही जण झोपेतच उठून चालतात, गाडीसुद्धा चालवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याबद्दल सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. रात्रपाळीच्या लाईटवर मोटार चालू करायला विहिरीवर जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही गोळी म्हणूनच धोक्याची आहे.

आपल्याकडे या गोळ्या २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी घेण्याची रीत गावोगाव आहे, आणि शेजाऱ्याचे वय, यकृत व इतर औषधे त्या पाकिटावर लिहिलेली नसतात.

बराच काळ चालू असलेली गोळी सोडायची तर डॉक्टर तिची मात्रा पायरीपायरीने उतरवतात, कधी तिच्याऐवजी रेंगाळणारे डायझेपाम देऊन. याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, कारण क्लोराइडच्या त्या दाराला गाबाची जुनी हाक पुन्हा नीट ऐकू येईपर्यंत थांबावेच लागते.