सर्जनशील कलांतील संशोधन पदवी

सर्जनशील कलांतील संशोधन पदवी : चित्र, शिल्प, संगीत, नृत्य, नाट्य, चित्रपट किंवा ललित लेखन यांत स्वतः निर्मिती करत, ती निर्मितीच संशोधनाचा गाभा मानून मिळवायची पदव्युत्तर पदवी. ती बहुधा पीएच.डी. असते, काही विद्यापीठे ‘डॉक्टर ऑफ क्रिएटिव्ह आर्ट्स’ अशी वेगळी पदवीही देतात. कलेच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्याने हाती कुंचला धरलाच पाहिजे असे नाही. इथे मात्र कलाकृती आणि तिच्यासोबतचे लिखित विवेचन, दोन्ही परीक्षकांपुढे ठेवावे लागते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये उच्च पदव्यांसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील कृती स्वीकारायचे ठरवले. तरीही त्या देशात पुढे एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) हीच कलावंताची अंतिम पदवी म्हणून रूढ झाली. डॉक्टरेटची वाट रुंद झाली ती १९८० नंतर, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये. त्यामागे कलेपेक्षा कारभाराची कारणे अधिक होती. स्वतंत्र कलाशाळा मोठ्या संस्थांत विलीन होत गेल्या, ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकांना (व्यवसायाभिमुख उच्च शिक्षणसंस्थांना) विद्यापीठ होण्याची मुभा मिळाली आणि संशोधन निधी मूल्यमापनावर ठरू लागला. मग शिल्पकला शिकवणाऱ्यालाही ‘तुमचे संशोधन कोणते?’ या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडले. या पदवीचे समर्थक ही जन्मकथा सहसा मोठ्याने सांगत नाहीत.

वैचारिक बैठक शोधताना बहुतेक जण ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांच्या १९९३ च्या निबंधापाशी येतात. कलासमीक्षक हर्बर्ट रीड यांचा आधार घेऊन त्यांनी कलेविषयीचे, कलेद्वारे केलेले आणि कलेसाठी केलेले असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. तिसरा प्रकार सर्वांत अडचणीचा, कारण त्यात विचार शब्दांत न येता थेट कृतीतच उतरलेला असतो. वादाचे मूळ इथेच आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१५ च्या फ्रास्काटी मार्गदर्शिकेने, म्हणजे संशोधन कशाला म्हणायचे याचे निकष देणाऱ्या पुस्तिकेने, कलेचे सादरीकरण सामान्यतः संशोधनात धरलेले नाही. कलावंत नवी अभिव्यक्ती शोधतो, नवे ज्ञान नव्हे. आणि त्याला गवसलेले दुसऱ्याच्या हाती कसे पोहोचणार, हे स्पष्ट होत नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. कलासंशोधनाला पूर्ण मान्यता द्यावी, ही मागणी २०२० च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यात युरोपीय कलासंस्थांनी केली.

आक्षेप कागदावर कडक वाटतो. कार्यशाळेत त्याची धार कमी होते. समजा, एक कुंभकार लोहयुक्त ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, काम करतो आहे. भट्टी सावकाश थंड केली की असा ग्लेझ स्फटिक धरून मंद दिसू शकतो, हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. मात्र भट्टीच्या भोकातून आतला रंग पाहून आच कधी तोडायची, हे कुंभकार कशावरून ठरवतो, ते सूत्रात सापडत नाही. म्हणून तो प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर क्रमांक कोरतो आणि वहीत मिश्रणाचे प्रमाण, भट्टीतली जागा, तापमान आणि त्या क्षणी घेतलेला निर्णय नोंदवतो. फसलेले नमुनेही जपून ठेवतो. शेवटी मांडलेली भांडी, ही वही आणि त्यांवरचे विवेचन मिळून प्रबंध होतो. ‘मला तसे वाटले’ एवढ्यावर मार्गदर्शक त्याला सोडत नाही, आणि सोडूही नये.

विवेचन किती लांब असावे, हे विद्यापीठागणिक बदलते. ३० ते ५० हजार शब्दांची अपेक्षा बऱ्याच ठिकाणी आढळते. कलाकृतीचे गुणगान किंवा आत्मचरित्र, हे त्यातले दोन नेहमीचे दोष. मौखिक परीक्षेपूर्वी परीक्षक प्रदर्शन पाहतात किंवा प्रयोगाला बसतात. चांगली कलाकृती आणि कच्चे संशोधन अशी जोडी पुढे आली, तर काम दुरुस्तीसाठी परत येऊ शकते. कलाकृती गाजलेली असली तरी त्याने फरक पडत नाही. प्रयोग संपतो, प्रदर्शन उतरते. त्यामुळे छायाचित्रे, ध्वनिचित्रमुद्रण आणि मांडणीचे आराखडे प्रबंधासोबत ग्रंथालयात जमा करावे लागतात.

प्रवेश घेणाऱ्यांचे हेतू सरमिसळ असतात. कुणाला एखादा प्रश्न खरोखरच छळत असतो, कुणाला अध्यापनाची नोकरी हवी असते, तर कुणाला शिष्यवृत्तीच्या आधाराने काही वर्षे निर्वेध काम करायचे असते. शेवटचे कारण अर्जात सहसा लिहिले जात नाही.