टपाची की छपराची? जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी

बडोद्याला आलेला पाहुणा सेवउसळीला हमखास मिसळ म्हणतो आणि आम्ही दांडियाबाजारवाले मनातल्या मनात त्याला माफ करतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत असाच घोळ आम्हीही घालतो. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून माझ्या मावसभावाच्या डोक्यात एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार शिरली आहे. परवा म्हणाला, "दादा, उघडी, म्हणजे कापडी टपाची घेऊ, की हार्डटॉप, म्हणजे कडक छपराची?" मी विचारलं, "कुठला हार्डटॉप?" गडी गप्प.

कारण या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली, पत्र्याचं कायमचं छप्पर असलेली कूपे. 1961 ची जॅग्वार ई-टाइप उघडी आणि कूपे अशा दोन्ही अंगांनी मिळायची. दुसरी, उघडीच गाडी, पण वरून बसवता-काढता येणारं कडक छप्पर असलेली. 1963 च्या मर्सिडीज 230 एसएलचं असं छप्पर मधे खोलगट होतं, म्हणून तिला 'पॅगोडा' नाव पडलं. तिसरी अमेरिकन: छप्पर पक्कंच, पण खिडक्यांमधला खांब नाही. काचा खाली घेतल्या की गाडी टप उघडल्यासारखी मोकळी दिसते. 1949 पासून ब्युइक आणि कॅडिलॅकने ती रूढ केली, पण स्पोर्ट्स कारशी तिचा फारसा संबंध नाही. ती विसरा.

खरा फरक दिसण्यात नाही. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण चिकटवलेलं असताना तो पिळून पाहा आणि मग झाकण काढून पिळा. बिनझाकणाचा लगेच पिळवटतो; गाडीचं छप्पर म्हणजे ते झाकण. एमजीबीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, अंगाचा पत्राच सगळा भार घेतो. 1962 साली ती आली ती उघडीच, म्हणून दरवाजांखालच्या लांब पेट्या (आपले मिस्त्री 'सिल' म्हणतात) बनवणाऱ्यांनी भक्कम केल्या. 1965 मध्ये छपराची जीटी आली. ती वजनाला जास्त, पण खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड थरथरत नाही. उघड्या गाडीत मात्र सिल सडली की गाडीचा कणाच गेला. बसवता-काढता येणाऱ्या छपराने पाऊस अडतो, पण तो कणा काही परत येत नाही.

म्हणून उघडी गाडी बघायला जाल तेव्हा आधी टप बघू नका. दरवाजाच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का, ते पाहा. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दरवाजा उघडून परत लावा. तो अडकला, तर रंग कितीही चकचकीत असो, आत पुट्टी आणि गंज आहे असं समजा. पायाखालचा गालिचाही उचलून बघा, कारण टप गळतो तेव्हा पाणी तिथेच मुरतं.

आणि कुणी "कूपेचं छप्पर कापून कन्व्हर्टिबल करून देतो" म्हणालं, तर चहा पिऊन उठा. वेगळ्या चॅसीच्या ट्रायम्फ हेराल्डचं छप्पर बोल्टवर बसवलेलं असे, ते उतरवता येई. (आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड तीच, मद्रासला बनायची.) एमजीबी जीटीचं तसं नाही. शिवाय 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर चॅसीत किंवा बॉडीत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

किमतीत सहसा उघडी वरचढ असते. पण मर्सिडीज 300 एसएलचं उलटं आहे. वर उघडणाऱ्या दरवाजांची गलविंग कूपे 1,400 बनली, नंतरची रोडस्टर, म्हणजे उघडी, 1,858. तरी नाव निघतं ते कूपेचंच. ते दरवाजे काही हौसेचे नव्हते. नळ्यांचा सांगाडा बाजूने इतका उंच होता की साधा दरवाजा बसेना. उघडी गाडी करताना तो सांगाडाच बदलावा लागला.

आता बडोद्याचं ऊन. मे महिन्यात एसी नसलेली कूपे म्हणजे तंदूर आणि उघडी गाडी म्हणजे डोक्यावर निखारा, म्हणजे बरोबरीच. पावसाळ्यात दोन्ही शेडमध्ये. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी तशीही रोज फिरवायला परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे चालवायची ती थंडीतल्या सकाळी, आणि रॅलीला निघताना कमाटीबागेवरून टप खाली करून जाण्यासारखं सुख नाही. माझं मत उघडीला, पण शेड कोरडी असेल तरच. टप ओला असताना घडी करून ठेवला की कापडाला बुरशी धरते आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी चुरगळून पिवळी पडते. मावसभावाची शेड विश्वामित्री नदीच्या बाजूला आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या भागाने काय पाहिलं, ते बडोदेकरांना सांगायला नको. त्याला मी म्हटलं, आधी शेड बदल, मग टपाचं बोलू.